‘ताई, तुमची पीडीएफ बोलत नाही’: मराठी अभ्याससाहित्य सगळ्यांना वापरता यावं म्हणून

आम्ही ठाण्याच्या नौपाड्यात एक छोटा अभ्यासवर्ग चालवतो. नोट्स, सरावप्रश्न, थोडे व्हिडिओ असं सगळं फुकट ऑनलाइन टाकतो. काही वर्षांपूर्वी ऐरोलीहून अकरावीतल्या एका मुलाचा फोन आला, "ताई, तुमची पीडीएफ बोलत नाही." मला आधी कळेचना. पीडीएफ कधीपासून बोलायला लागली? मग त्याने सांगितलं, की त्याला दिसत नाही, फोन त्याला सगळं वाचून दाखवतो, आणि आमच्या इतिहासाच्या फाइलवर आला की फोन गप्प बसतो. भूगोलाची फाइल मात्र बोलते, पण ऐकवत नाही. त्याने फोन स्पीकरवर टाकून ऐकवलं. "अंडरस्कोर, ए, एम, आर, ग्रेटर दॅन, आर..." तो शब्द होता ‘मराठी’.

त्या दिवसापासून आम्ही जे शिकलो, ते इथे क्रमाने लिहिते आहे. आम्ही कोणी सॉफ्टवेअरवाले नाही. वर्ड, गूगल ड्राइव्ह, यूट्यूब आणि व्हॉट्सॲप एवढंच येत असलेल्या शिक्षकासाठी हा लेख आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करायची. ‘अपंग विद्यार्थी’ म्हटलं की आपल्यासमोर पांढरी काठी नाहीतर चाकाची खुर्ची येते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, १९९५ च्या कायद्यात सातच होते. अंधत्वाबरोबर अंधुक दिसणं आहे, ऐकू न येणं आहे, डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता आहे, हात थरथरणं आहे, स्वमग्नता आहे. प्रत्येकाची अडचण वेगळी, पण फाइल मुळात नीट बांधलेली असेल तर बऱ्याच जणांचं काम एकाच वेळी होतं. दुरुस्ती शेवटी करायला गेलात तर तीच फाइल तीनदा करावी लागते. आम्ही चारदा केली आहे.

पायरी १: आधी स्वतः ऐका

कुठलंही मार्गदर्शन वाचण्याआधी हे करा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत ‘टॉकबॅक’ असतो, पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा. तो चालू करण्याआधी दोन गोष्टी पाठ करा, नाहीतर बंद करता येणार नाही आणि घरात आरडाओरडा होईल. उजवीकडे बोट सरकवलं की पुढची गोष्ट वाचली जाते, आणि जे वाचलं ते उघडायचं तर कुठेही दोनदा पटकन टॅप करायचं. खाली-वर सरकवायला दोन बोटं लागतात. शॉर्टकट लावून ठेवलात तर आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद धरून टॉकबॅक बंद होतो. आयफोनवर हेच काम ‘व्हॉइसओव्हर’ करतो.

कॉम्प्युटरवर ‘एनव्हीडीए’ उतरवून घ्या. दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलेला हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, पूर्ण मोफत आहे आणि त्याच्यासोबत येणारा ईस्पीक आवाज मराठीही वाचतो. आवाज यंत्रासारखा आहे, पहिल्या दिवशी कान किटतात. आमचा तो मुलगा तोच आवाज इतक्या वेगाने ऐकतो की मला फक्त गिरणीचा पट्टा फिरल्यासारखा आवाज येतो. त्याला मात्र सगळं कळत असतं.

आता तुमचीच एखादी नोट उघडा, पडदा बंद करा आणि दहा मिनिटं ऐका. काय अडतं ते कागदावर लिहा. ही यादी म्हणजे तुमच्या कामाचा आराखडा.

पायरी २: अक्षरं खरी आहेत का ते बघा

मराठीत सगळ्यात मोठी गोची इथेच होते, आणि इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शकांत तिचा उल्लेखही नसतो.

आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांकडे वर्षानुवर्षं जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरले जातात. त्यांत पडद्यावर ‘मराठी’ दिसतं, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. म्हणजे इंग्रजी अक्षराच्या अंगावर देवनागरीचं सोंग चढवलेलं. डोळ्याला सोंग दिसतं, स्क्रीन रीडरला आतलं अंग. आमच्या भूगोलाच्या फाइलचं हेच झालं होतं. एका छापखान्याने फार मन लावून ती मांडली होती. दिसायला सुरेख होती.

ओळखायची सोपी खूण अशी: फाइलमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. मराठी दिसली तर युनिकोड आहे, म्हणजे फाइलच्या पोटातही खरी मराठी अक्षरंच आहेत. टोप्या, डॉलर, टक्के दिसले तर जुना फॉन्ट आहे. असं मूळ लेखन रूपांतरकाने युनिकोडमध्ये आणता येतं, पण त्यानंतर डोळ्यांत तेल घालून वाचावं लागतं. ऱ्हस्व वेलांटी एक घर सरकते, रफार भलत्या अक्षरावर बसतो, ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो.

नवं लिहिताना युनिकोडच वापरा. विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट कळफलक असतोच, आणि मराठी उच्चारानुसार टाइप करायचा कळफलकही मिळतो. फोनवर जीबोर्ड आहे. गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलून टाइप करता येतं, आमच्या वर्गातल्या निवृत्त बाईंनी दहावीचं अख्खं नागरिकशास्त्र असंच बोलून उतरवलं.

युनिकोडमध्येही आपल्या काही खोडी असतात. त्या कानाला टोचतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

‘दुःख’ लिहिताना बरेच जण विसर्गाऐवजी इंग्रजीतला कोलन मारतात. दिसायला सारखंच दिसतं. स्क्रीन रीडर मात्र शब्द मधोमध तोडून ‘दु’ आणि ‘ख’ वेगळे वाचतो, कधी मध्ये ‘कोलन’ म्हणतो. श्लोकाच्या शेवटी दंड म्हणून उभी रेघ मारली की ती ‘व्हर्टिकल बार’ होते. मथळा रुबाबदार दिसावा म्हणून प्रत्येक अक्षरानंतर जागा सोडली, की तो एकेक अक्षर सुटं वाचतो, पहिलीतलं पोर वाचतं तसं. आणि गणितात, दहाचा वर्ग लिहिताना दोनचा आकडा नुसताच वर उचलून ठेवला, की ती ओळ व्हॉट्सॲपवर जाते तेव्हा दोन खाली उतरतो आणि विद्यार्थ्याला ऐकू येतं ‘एकशे दोन’. त्यामुळे सूत्रं वर्डच्या समीकरणाच्या सोयीतून टाका, आणि खाली एका ओळीत शब्दांतही लिहा: ‘दहाचा वर्ग’.

पायरी ३: स्कॅनला वाचा फुटू द्या

इतिहासाची फाइल गप्प का होती? कारण ती झेरॉक्सच्या दुकानातून स्कॅन करून आणलेली. म्हणजे पानांचे फोटो. फोटोत अक्षरं नसतात, अक्षरांचा आकार असतो.

स्कॅन गूगल ड्राइव्हवर चढवा, फाइलवर राइट क्लिक करून ती ‘गूगल डॉक्स’मध्ये उघडा. वर फोटो आणि खाली ओळखलेला मजकूर येतो. मोठी फाइल एकदम न देता पाच-दहा पानांचे तुकडे करून द्या. स्वच्छ छपाई असेल तर मराठी चांगली ओळखली जाते. तरी ‘भ’चा ‘म’, ‘घ’चा ‘ध’, ‘ब’चा ‘व’ असे गोंधळ ठरलेले, अनुस्वार गळतात आणि दोन रकान्यांचं पान असेल तर डावीकडची अर्धी ओळ उजवीकडच्या अर्ध्या ओळीला जाऊन चिकटते. मुद्रितशोधन डोळ्यांनी करण्याऐवजी कानांनी करा. आपला डोळा चुका सुधारून वाचतो, यंत्र जे आहे तेच वाचतं. ‘घराणे’चं ‘धराणे’ झालेलं तीनदा वाचूनही माझ्या नजरेतून सुटलं होतं, ऐकताना पहिल्या खेपेला सापडलं.

हाताने लिहिलेल्या नोट्स आणि फळ्याचे फोटो यांवर वेळ घालवू नका. ते बोलून टाइप करणंच लवकर होतं.

इथे कुणीतरी हमखास विचारतं, की दुसऱ्याच्या पुस्तकाचं असं रूपांतर चालतं का? २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सोय झाली आहे. अपंग व्यक्तीला वाचता यावं म्हणून, नफा न घेता पुस्तकाची सुगम्य प्रत करता येते, परवानगी लागत नाही. मात्र ती प्रत त्याच विद्यार्थ्यांपर्यंत जायला हवी. संकेतस्थळावर सगळ्यांसाठी उघडी टाकलीत तर तो वेगळा मामला. अशा पुस्तकांसाठी मॅराकेश करार आहे, तो मंजूर करणारा भारत हा पहिला देश, २०१४ साली. आणि स्वतः पुस्तक करायला बसण्याआधी ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात बघा, ते २०१६ पासून आहे. कदाचित कुणीतरी आधीच करून ठेवलं असेल.

पायरी ४: मथळ्यांना मथळा म्हणा

तुम्ही पान चाळता तेव्हा नजर ठळक अक्षरांवरून उड्या मारते. स्क्रीन रीडरवाला ‘एच’ ही कळ दाबत उड्या मारतो, पण फाइलमध्ये खरा मथळा असेल तरच. नुसतं अक्षर मोठं आणि जाड केलं तर त्याच्या लेखी तो साधा परिच्छेदच. मग चाळीस पानांच्या नोट्समध्ये ‘भारतातील वनांचे प्रकार’ शोधायचं म्हणजे पहिल्या पानापासून ऐकत बसायचं.

वर्डमध्ये मथळ्यावर कर्सर ठेवून कंट्रोल, ऑल्ट आणि १ एकत्र दाबा, उपमथळ्याला २, त्याखालच्याला ३. गूगल डॉक्समध्येही याच कळा. एकानंतर थेट तीनवर जाऊ नका. यादी करायची तर हाताने आकडे टाकत बसू नका, यादीचं बटण वापरा. नवीन पान हवं म्हणून बारा वेळा एंटर मारू नका, त्या बारा रिकाम्या ओळी कुणीतरी ऐकणार आहे. आणि संपूर्ण मजकुराची भाषा ‘मराठी’ लावा, नाहीतर काही फोन तो हिंदी आवाजात वाचतात. ‘ळ’चे हाल बघवत नाहीत.

अंधुक दिसणाऱ्यांसाठी आणि डिस्लेक्सिया असलेल्यांसाठी याच टप्प्यावर अजून थोडं: मजकूर डावीकडून सरळ ठेवा, दोन्ही कडा ताणू नका. ताणल्याने शब्दांमधली भगदाडं कमी-जास्त होतात आणि ओळ हरवते. ओळींत दीडपट अंतर ठेवा. नक्षीदार फॉन्ट जत्रेच्या पत्रिकेला शोभतात, जोडाक्षरं वाचायला नाहीत. मुक्ता किंवा नोटो सॅन्ससारखा साधा देवनागरी फॉन्ट घ्या.

रंगाचंही मोजमाप आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या निकषांत नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान ४.५ ला १ लागतो. आम्हा शिक्षकांची लाडकी लाल शाई, म्हणजे पांढऱ्यावर झगझगीत लाल, ४ ला १ वर अडकते. नापास. पिवळा आणि पोपटी तर नावालाही दिसत नाहीत. गडद निळा, गडद तपकिरी चालतात. आणि ‘लाल रंगातले मुद्दे महत्त्वाचे’ असं लिहू नका. ज्याला लाल-हिरवा वेगळा दिसत नाही त्याने काय करायचं? त्या मुद्द्याआधी ‘महत्त्वाचे’ हा शब्दच टाका.

पायरी ५: चित्रं, नकाशे, तक्ते

इथे थांबा, घाई करू नका. सगळ्यात जास्त विचार इथे लागतो.

वर्डमध्ये चित्रावर राइट क्लिक केलं की ‘ऑल्ट टेक्स्ट’ लिहायची जागा येते. चित्र दिसत नाही त्याला हे ऐकू येतं. आमच्या एका सहकाऱ्याने सुरुवातीला सगळीकडे ‘चित्र’, ‘नकाशा’, ‘चित्र २’ असं लिहिलं. आम्ही त्याच्यावर हसलो, मग आपापल्या फाइली उघडून बघितल्या आणि गप्प झालो.

प्रश्न ‘चित्रात काय आहे’ हा नसतोच. ‘हे चित्र इथे कशाला आहे’ हा असतो. समजा इतिहासाच्या नोट्समध्ये बोरीबंदर ते ठाणे या पहिल्या प्रवासी गाडीचं रेखाचित्र आहे. इतिहासाच्या धड्यात लिहायचं: ‘१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या प्रवासी गाडीचं रेखाचित्र. गाडीला तीन इंजिनं आणि चौदा डबे आहेत.’ तेच चित्र चित्रकलेच्या धड्यात असेल तर रेषा, छायाप्रकाश, कोन यांबद्दल लिहायला हवं. आणि पान सजवायला म्हणून कोपऱ्यात इंजिन टाकलं असेल तर ते ‘शोभेचं’ म्हणून खूण करून ठेवायचं, म्हणजे स्क्रीन रीडर ते ओलांडून जातो. प्रत्येक फुलाचं वर्णन ऐकायला कुणाला वेळ आहे?

नकाशा अवघड असतो. आम्ही ठाणे जिल्ह्याच्या नकाशावर पूर्ण संध्याकाळ घालवली. पहिला मसुदा होता ‘ठाणे जिल्ह्याचा नकाशा’. निरुपयोगी. दुसरा इतका लांब, की ऐकता ऐकता पहिलं वाक्य विसरायला होई. शेवटी ऑल्ट टेक्स्टमध्ये एकच वाक्य ठेवलं, ‘ठाणे जिल्ह्याचे सात तालुके दाखवणारा नकाशा, वर्णन खाली दिलं आहे’, आणि नकाशाखाली सगळ्यांनाच दिसेल असा परिच्छेद लिहिला: पालघर २०१४ मध्ये वेगळा झाल्यावर ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, शहापूर आणि मुरबाड हे तालुके उरले. पश्चिमेला खाडीकाठी ठाणे, पूर्वेला सह्याद्रीच्या बाजूला शहापूर आणि मुरबाड. डोळस मुलांनी सांगितलं, ताई, नकाशापेक्षा हे पाठ करायला सोपं आहे.

स्तंभालेख आणि वर्तुळालेखाला हीच युक्ती करा. ऑल्ट टेक्स्टमध्ये निष्कर्ष, खाली आकड्यांचा साधा तक्ता. तक्त्याचा फोटो कधीच टाकू नका. तक्त्यात पहिली ओळ शीर्षकाची आहे हे तक्त्याच्या सेटिंगमध्ये सांगा आणि घरं एकमेकांत मिसळू नका. मिसळलेल्या घरांतून फिरणं म्हणजे जांभळी नाक्यावर दिवाळीच्या गर्दीत दुकान शोधणं.

पायरी ६: पीडीएफ करताना

वर्डमधून ‘प्रिंट’ करून पीडीएफ काढलीत की आतापर्यंतचे मथळे, ऑल्ट टेक्स्ट सगळं पुसलं जातं. ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ निवडा आणि ऑप्शन्समध्ये ॲक्सेसिबिलिटीसाठीच्या टॅग्जची खूण आहे ना बघा. त्याआधी ‘रिव्ह्यू’मधून ‘चेक ॲक्सेसिबिलिटी’ एकदा चालवा.

एवढं करूनही मराठी पीडीएफचा भरवसा नसतो. युनिकोडमधून केलेल्या पीडीएफमध्येही पुष्कळदा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात. दिसतं नीट, वाचलं जातं तुटकं. म्हणून आम्ही नियम केला: पीडीएफसोबत वर्डची फाइलही ठेवायची. आमच्या त्या विद्यार्थ्याने पीडीएफ उघडणंच सोडून दिलं आहे.

फाइलला नावही धड द्या. ‘स्कॅन००२३’ या नावाच्या अठरा फाइलींमधून भूगोल शोधून दाखवा. ‘दहावी भूगोल प्रकरण ३’ पुरे.

पायरी ७: प्रश्नपत्रिका आणि चाचण्या

‘गाळलेल्या जागा भरा’मध्ये आपण लांब रेघ मारतो. स्क्रीन रीडर एकतर ‘अंडरस्कोर, अंडरस्कोर’ म्हणत राहतो नाहीतर ती जागा गुपचूप गिळून टाकतो, आणि वाक्य पूर्ण असल्यासारखं वाटतं. तिथे ‘रिकामी जागा’ हे दोन शब्द लिहा.

‘जोड्या लावा’ ऑनलाइन देताना ओढून सोडायचा खेळ नको. हात थरथरणाऱ्याला जमत नाही, कीबोर्डवाल्यालाही नाही. गूगल फॉर्ममध्ये प्रत्येक शब्दासमोर पर्यायांची यादी द्या. प्रश्नाचा फोटो टाकून खाली नुसते ‘अ, ब, क, ड’ ठेवायची सवय मोडा.

वेळेचं घड्याळ लावलं असेल तर ते वाढवता यायला हवं. लेखी परीक्षांसाठी केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ सांगितला आहे. सराव चाचणीतही तेवढा द्या. खरं म्हणजे सरावाला घड्याळ हवंच कशाला, हे माझं मत. वर्गात यावर वाद आहे.

पायरी ८: व्हिडिओ

व्हिडिओची ॲक्सेसिबिलिटी कॅमेरा सुरू होण्याआधी सुरू होते. फळ्यावर बोट ठेवून ‘हे इथून असं जातं आणि इथे येतं’ म्हणणारे शिक्षक, मीही त्यांतलीच. आता म्हणते, "उजव्या कर्णिकेतून रक्त उजव्या जवनिकेत येतं." एवढ्या बदलाने वेगळं ध्वनिवर्णन करायची गरज बरीच कमी झाली. फळ्यावर लिहिलेला प्रत्येक शब्द तोंडानेही उच्चारायचा.

ऐकू न येणाऱ्यांसाठी कॅप्शन. आपोआप तयार होणाऱ्या कॅप्शनवर सोडून देऊ नका, नावं आणि पारिभाषिक शब्द हमखास बिघडतात. यूट्यूब स्टुडिओत ‘सबटायटल्स’मध्ये जाऊन स्वतः टाइप करता येतं. किंवा नोटपॅडमध्ये एसआरटी फाइल करा: पहिल्या ओळीत क्रमांक, दुसऱ्या ओळीत सुरुवातीची आणि शेवटची वेळ, तिसऱ्या ओळीत मजकूर, मग एक रिकामी ओळ. वेळेचे आकडे इंग्रजी अंकांतच टाका, आणि सेव्ह करताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८’ निवडा. नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. एका वेळी पडद्यावर दोनपेक्षा जास्त ओळी नकोत. दहा मिनिटांच्या व्हिडिओला आम्हाला सुरुवातीला दोन तास लागायचे. आता धडा आधी लिहूनच काढतो, त्यामुळे मजकूर तयार असतो, वेळाच तेवढ्या टाकायच्या.

कॅप्शन दिलं की सगळ्या कर्णबधिर मुलांचं काम झालं, असं मात्र नाही. ज्यांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे त्यांच्यासाठी लिखित मराठी ही दुसरी भाषा. सांकेतिक भाषेचं व्याकरण वेगळं आहे, ती हातांनी केलेली मराठी नाही. दुभाषी मिळत असेल तर कोपऱ्यात टिकलीएवढी चौकट नको. हात, चेहरा, खांदे नीट दिसायला हवेत, मागचा पडदा एकरंगी, आणि कपडे त्वचेच्या रंगाहून वेगळे. पारिभाषिक शब्दांचे संकेत बघायला दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा दहा हजार शब्दांचा व्हिडिओ-कोश आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाक् आणि श्रवणदोषांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तिथे दुभाष्यांविषयी चौकशी करता येईल.

झगमगती दृश्यं टाळा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणाऱ्या दृश्याने काहींना फिट येऊ शकते.

पायरी ९: व्हॉट्सॲप, झूम आणि संकेतस्थळ

आपल्याकडे निम्मं शिक्षण व्हॉट्सॲपवर चालतं. तिथे फोटोला ऑल्ट टेक्स्ट देता येत नाही, म्हणून फोटोखाली लिहायच्या जागेत आशय लिहा. ‘उद्याचं वेळापत्रक बघा’ आणि खाली फोटो, हे पुरेसं नाही. वेळापत्रकच टाइप करा. शुभेच्छांना आठ गुलाब आणि सहा हात जोडलेले पाठवलेत तर चौदाही नावं वाचली जातात.

ऑनलाइन तासाला बोलण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव सांगावं. चॅटमध्ये आलेला प्रश्न शिक्षकाने वाचून दाखवावा. स्लाइड आदल्या दिवशी पाठवाव्यात.

स्वतःचं संकेतस्थळ असेल तर माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब, एंटर, स्पेस आणि बाणांच्या कळांनी नोट्सपर्यंत पोचून दाखवा. आपण कुठे आहोत ते चौकटीने दिसायला हवं. मग एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि एफ७ दाबून दुव्यांची यादी काढा. आमच्या यादीत एकतीस वेळा ‘इथे क्लिक करा’ होतं. आता ‘दहावी भूगोल प्रकरण ३, वर्ड फाइल’ असं लिहितो. बटणं मोठी ठेवा, व्हिडिओ आपोआप सुरू होऊ देऊ नका, आणि नोंदणीत वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा असेल तर काढून टाका. पानाची भाषा मराठी लावली आहे का ते संकेतस्थळ करणाऱ्याला विचारा. ‘वेव्ह’सारखी मोफत तपासणी साधनं ऑल्ट टेक्स्ट नसलेलं चित्र दाखवतात. ऑल्ट टेक्स्ट चुकीचं असेल तर त्यांना कळत नाही.

पायरी १०: ज्याच्यासाठी केलं त्याला दाखवा

सगळं झाल्यावर एखाद्या अपंग विद्यार्थ्याला समोर बसवा आणि एकच काम सांगा: ‘या प्रकरणातला तिसरा प्रश्न शोध आणि उत्तर पाठव.’ मग तोंड बंद ठेवा. ‘नाही रे, वर बघ, तिथे बटण आहे’ असं म्हणायची फार इच्छा होते, म्हणू नका. कुठे थांबतो, कुठे परत मागे जातो ते लिहा. त्याच्या वेळेचं मानधन द्या, हा उपकाराचा कार्यक्रम नाही. ओळखीत कुणी नसेल तर नवी मुंबईत वाशीला महापालिकेचं अपंगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, तिथल्या शिक्षकांशी बोला. एकाच विद्यार्थ्यावर थांबू नका. अंध मुलगा जे सांगेल ते कर्णबधिर मुलगी सांगणार नाही.

जुन्या साहित्याचा डोंगर बघून घाबरायला होतं. आमच्या दोनशेच्या वर फाइली होत्या. सगळ्यात जास्त उतरवल्या जाणाऱ्या दहा आधी घेतल्या. नवी फाइल मात्र पहिल्या दिवसापासून नीटच करायची, हा नियम. जुन्या अजून संपलेल्या नाहीत.

प्रत्येक फाइलच्या शेवटी आता एक ओळ असते: ‘वाचताना काही अडलं तर या क्रमांकावर कळवा.’ पहिला निरोप ऐरोलीहूनच आला, रात्री साडेदहाला. "ताई, पीडीएफ बोलते आता. पण आकृती चारचं वर्णन आकृती पाचला लागलंय. आणि ‘दुःख’मध्ये अजून कोलन आहे, पान सतरा."